ड्यूक वेडा नाही, मंजू

प्रिय मंजू,

रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या 'माय लास्ट डचेस' या कवितेबद्दल 'तो ड्यूक वेडाच, त्यात एवढं वाचायचं काय?' असं लिहून तू मोकळी झालीस. मला नाही पटलं.

ब्राउनिंगच्या १८४२च्या 'ड्रॅमॅटिक लिरिक्स' या संग्रहात दोन खुनी आहेत. पॉर्फिरियाचा प्रियकर तिच्याच केसांनी तिचा गळा आवळतो आणि रात्रभर तिला बिलगून बसतो. ती कविता ब्राउनिंगनं वेड्यांच्या कोठड्यांच्या मथळ्याखाली घातली. 'माय लास्ट डचेस'मधल्या, इटलीतल्या फेराराच्या ड्यूकला मात्र त्या कोठडीत टाकलं नाही, आणि ते मला बरोबर वाटतं. हा माणूस नव्या सोयरिकीसाठी आलेल्या दूताला बसवतो, मारलेल्या बायकोचं चित्र दाखवतो, अदबीनं बोलतो आणि जाता जाता हुंड्याचंही पक्कं करून घेतो!

तिचा गुन्हा काय? कुणाशी सूत जुळल्याचा थेट आरोप तोही करत नाही. मावळतीचा सूर्य, कुणी आणून दिलेली चेरीची फांदी, पांढरं खेचर, सगळ्यांवर ती सारखीच खूश. ह्यानं नऊशे वर्षांचं घराणं दिलं, तर त्यालाही तेवढंच हसू. प्रतिस्पर्धी असता तर हाकलता आला असता. चेरीच्या फांदीचं काय करणार? बरं, हे तिला सांगायचं तर कमीपणा येतो. म्हणून न बोलता हुकूम सोडला. आता ती भिंतीवर आहे आणि पडदा फक्त तोच सारतो. तिनं कुणाकडे बघून हसायचं हे अखेर त्याच्या हातात आलं.

एकदा मोठ्यानं वाच. दर दोन ओळींना यमक आहे, पण वाक्यं ओळीच्या टोकाला थांबत नाहीत, त्यामुळे ५६ ओळी नुसत्या गप्पांसारख्या सरकतात. खुनाचं वाक्यही तसंच निसटतं.

ज्याच्यावरून हा ड्यूक घेतला असं मानतात, त्या खऱ्या अल्फोन्सोवर मात्र डूख धरू नकोस. त्याची बायको लुक्रेझिया दे मेदिची १५६१मध्ये सोळाव्या वर्षी गेली. विषाची कुजबुज झाली, पण बहुधा क्षयच असावा.

मला छळतो तो समोरचा दूत. सगळं ऐकतो, आणि त्याचं एक अक्षरही आपल्या कानावर येत नाही. परत जाऊन त्यानं मालकाला काय सांगितलं असेल? इतिहासात तरी सोयरीक मोडली नाही. १५६५मध्ये ऑस्ट्रियाची बार्बरा फेराराला नांदायला आली. तू त्या दूताच्या जागी असतीस तर तोंड उघडलं असतंस का? खरं लिही.

तुझी,
शुभा