दीड फुटाचा उतार

खार, मुंबई
८ डिसेंबर २०२४

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन दोन दिवस झाले. प्लॅस्टर निघाले, मनगट थोडे थोडे वळू लागले आणि फिजिओथेरपी नियमित चालू आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिले आहेस ते मनातून जाईना. स्केटबोर्ड दाराआड उभा आहे, येता-जाता नजरेस पडतो, आणि त्यावर पाय ठेवण्याचा नुसता विचार आला तरी पोटात गोळा उठतो. पस्तिशी उलटल्यावर हा नाद धरायलाच नको होता की काय, असे तू मला विचारले आहेस. फोनवर बोललो असतो तर "अरे, काही होत नाही" एवढे म्हणून मी मोकळा झालो असतो, आणि ते खरे नव्हते, कारण तुझे हाड मोडले आहे. म्हणून आज रविवारची सकाळ हाताशी ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे.

तू पडलास तो प्रसंग मी तुझ्या वर्णनावरून अनेकदा डोळ्यांपुढे आणून पाहिला. रॅम्पच्या माथ्यावर बोर्डाची टेल, म्हणजे मागचे टोक, कोपिंगच्या (रॅम्पच्या वरच्या काठाच्या) लोखंडी नळीवर टेकलेली, मागचा पाय टेलवर घट्ट, पुढची चाके अधांतरी. तू पुढचा पाय पुढच्या चाकांवरच्या बोल्टांवर ठेवलास आणि दाबलासही. पण ऐन वेळी खांदे मागे राहिले. वजन मागच्या पायावरच अडकल्यामुळे पुढची चाके उताराला नीट टेकली नाहीत, बोर्ड पायाखालून निसटून पुढे गेला आणि तू मागे हात टेकलास. सगळा भार त्या एका तळहातावर आला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. ड्रॉप-इन, म्हणजे माथ्यावरून असे बोर्डासकट उतारावर येणे, शिकताना पडणारी बहुतेक माणसे अशीच पडतात. उंच कड्याशी उभे असताना मागे झुकावे असे शरीराला वाटते, आणि एरवी ते बरोबरच असते; गच्चीच्या कठड्याशी हीच उपजत बुद्धी आपल्याला वाचवते. स्केटबोर्डवर मात्र तेच मागे झुकणे माणसाला पाडते. म्हणजे तुला पाडले ते उताराने नाही, पस्तिशीने तर नाहीच नाही. निर्णय अर्धा झाला होता, त्याने पाडले.

हे मला कोणी शिकवले ते सांगतो. कार्टर रोडच्या स्केटपार्कवर मी पहिल्यांदा ड्रॉप-इन करायला उभा राहिलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटे नुसता उभाच होतो. पाय पुढे ठेवायचा, श्वास घ्यायचा आणि पाय परत घ्यायचा. समोर समुद्र, मागे फिरायला आलेल्या लोकांची वर्दळ, आणि माझे सारे लक्ष त्या अधांतरी चाकांवर. पुढचे एक चाक वाऱ्याने किंचित फिरत होते, ते मला अजून आठवते. अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा बराच वेळ बघत होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "काका, अर्धं नका करू. करायचं तर पूर्ण करा, नाहीतर आत्ता खाली उतरा. अर्ध्यातच लागतं." मी खाली उतरलो. त्यात मला कमीपणा वाटला नाही, कारण त्या दिवशी तोच पूर्ण निर्णय होता.

मग त्याने मला पार्काच्या कडेला नेले. तिथला उतार फार तर दीड फुटाचा. तो समोर उभा राहिला, माझे दोन्ही हात धरले आणि पाय दाबायला सांगितले. चाके टेकल्याचा खट्ट असा आवाज आला आणि मी सपाटीवर आलो होतो. सगळे मिळून एक सेकंदही लागला नसेल. अशा दहा-बारा खेपा झाल्यावर त्याने एक हात सोडला. पुढे नुसती बोटे माझ्या बोटांना लावून ठेवली, आणि एका खेपेला ती बोटेही नव्हती हे मला खाली आल्यावर कळले. मोठ्या रॅम्पवर मी तीन आठवड्यांनी गेलो. तोवर उंची सोडल्यास नवे असे काही उरले नव्हते. पाय कुठे ठेवायचा, छाती पुढच्या पायावर कशी न्यायची, गुडघे कधी वाकवायचे हे सगळे अंगवळणी पडले होते. भीती तेव्हाही होती. आजही नव्या उंचीवर उभा राहिलो की तळहातांना घाम सुटतो. पण पूर्वी सर्व बाजूंनी येणारी ती भीती आता एकाच गोष्टीपुरती उरली होती, आणि तेवढी मला पेलवत होती.

नितीन, ही रीत आपल्याला नवी आहे का? शाळेच्या मैदानावरचा मल्लखांब आठव. एरंडेलाने तुळतुळीत झालेला तो सागवानी खांब, आणि साधी अढी घालून, म्हणजे पायांनी खांब आवळून, उलटा झालेला तू. दोन्ही हात सोडायचे होते आणि तुझ्याने ते सोडवत नव्हते. गुरुजी ओरडले नाहीत, की "घाबरू नकोस" असेही म्हणाले नाहीत. त्यांनी तुझ्या पाठीखाली तळहात धरला. मग रोज तो तळहात इंच इंच खाली जात राहिला, आणि एके दिवशी गुरुजी पलीकडच्या मुलाशी बोलत असताना तू हात सोडून लटकत होतास. शिवाय कोणतीही नवी उडी चढवण्याआधी ते खांबावरून उतरायला शिकवत. त्या वेळी आपल्याला तो वेळेचा अपव्यय वाटे. स्केटबोर्ड हातात घेतल्यावर मला त्याची किंमत कळली.

कारण तुझ्या बाबतीत नेमके तेच राहून गेले. पडायचे कसे हे तुला कोणी शिकवले नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिली की बोर्डाला हात लावण्यापूर्वी हिरवळीवर किंवा जाड गादीवर रोज वीस वेळा पडायचे. कोपर थोडे वाकलेले ठेवायचे, हात ताठ करून जमिनीला टेकायचा नाही, खांद्यावरून पाठीवर तिरके लोळायचे आणि घेतलेला वेग अंगातून जिरू द्यायचा. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची. रॅम्पवर नी-पॅड बांधून गुडघ्यांवर घसरत खाली यायची सवय करायची. मोठ्या रॅम्पवर तरबेज खेळाडूसुद्धा अशीच आपली सुटका करून घेतात. हे सारे मनाने ठरवून होत नाही, पडण्याच्या क्षणी विचाराला वेळच नसतो, म्हणून ते अंगात मुरवावे लागते. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड यांविषयी मी काही ऐकून घेणार नाही. स्काय ब्राउन ही मुलगी २०२० साली कॅलिफोर्नियात सराव करताना रॅम्पवरून पडली, तिच्या कवटीला भेगा गेल्या आणि डावा हात मोडला. डोक्यावर हेल्मेट होते. पुढच्याच वर्षी, १३ वर्षांची असताना, तिने टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. तिच्या धैर्याचे मला मनापासून कौतुक आहे, पण तिची गोष्ट वाचताना मला आधी ते हेल्मेट दिसते.

आता किकफ्लिपविषयी लिहितो, कारण तू त्याबद्दलही विचारले आहेस आणि तिथली भीती निराळी आहे. ड्रॉप-इनची भीती समोर उभी राहते. किकफ्लिपची भीती लपून बसते. मला चार महिने वाटत होते की माझे तंत्र चुकते आहे. टेल जमिनीवर आपटून बोर्ड उठवायचा, पुढच्या पायाने नोजच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कडेला झटका द्यायचा, बोर्ड पायांखाली एक पूर्ण गिरकी घेतो आणि मग दोन्ही पायांनी त्याला झेलायचे. माझा बोर्ड फिरत होता, नीट फिरत होता, आणि दर खेपेला माझा एकच पाय त्यावर उतरत होता. मी झटक्याचा कोन बदलला, बूट बदलले, ट्रक (चाके धरणारे धातूचे भाग) घट्ट केले, सैल केले. अखेर एका मित्राने फोन जमिनीवर टेकवून संथ गतीत चित्रण केले. त्यात स्वच्छ दिसले की बोर्ड अजून अर्धाच फिरला असताना माझा मागचा पाय बाजूला जाऊन जमिनीकडे निघाला होता. झेलता येईल की नाही हे ठरण्याआधीच पायाने माघार घेतली होती. त्या वेळी मला भीती वाटत असल्याची जाणीवही नव्हती. एकदा फिरता बोर्ड कडेवर उभा राहिला असताना मी त्यावर उतरलो होतो आणि तळपायाला जबर मार बसला होता. ते मी विसरलो होतो, पाय विसरला नव्हता.

यावर उपाय सापडला तो साधा होता. बोर्ड हिरवळीवर स्थिर ठेवला आणि त्याच्या शेजारून उडी मारून दोन्ही पाय बोल्टांवर उतरवण्याचा सराव केला, सलग दोन आठवडे, दुसरे काहीही न करता. मग कठडा धरून गिरकी. त्यानंतर मोकळ्यावर, आणि स्वतःला एकच अट घातली, की बोर्ड फिरला असो वा नसो, दोन्ही पाय खाली त्याच्यावरच यायचे. पहिल्या दिवशी तीनदा पडलो, पण पडणे परवडले, कारण बोर्ड जमिनीवर होता आणि मला पडता येत होते. चौथ्या दिवशी दोन्ही पायांखाली बोर्डावरच्या ग्रिप टेपचा खरखरीत स्पर्श एकाच वेळी झाला. नितीन, तो आवाज आणि तो स्पर्श मी तुला शब्दांत सांगू शकत नाही. मी पुढे सरकत राहिलो आणि थांबायचे कसे तेच क्षणभर सुचले नाही.

सगळीच भीती मोडून काढायची असते असा याचा अर्थ घेऊ नकोस. जमीन ओली असेल, वाळूचा कण चाकाखाली येईल असे वाटत असेल, ट्रकचा नट ढिला वाटत असेल, तर ती भीती आपल्या बाजूची आहे. तिचे ऐकावे, खाली उतरून झाडू घ्यावा, पाना घ्यावा. एवढासा खडासुद्धा या लहान, कडक चाकांना जागीच अडवतो आणि माणूस पुढे फेकला जातो. दमलेल्या पायांची भीतीही तशीच खरी. मला आजवर ज्या दोन मोठ्या दुखापती झाल्या त्या दोन्ही अंधार पडत असताना, "एक शेवटची" म्हणून घेतलेल्या खेपेत झाल्या. स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच, की मला नेमकी कशाची भीती वाटते आहे. बोट ठेवता येईल असे उत्तर मिळाले तर आधी ते दुरुस्त करायचे. नुसतेच पोटात ढवळत असेल तर एक पायरी खाली जायचे आणि तिथून पुन्हा वर यायचे.

लोक बघतात, या वाटण्याबद्दल तू ओझरते लिहिले आहेस. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तिथे २०१५ साली काँक्रीटचा स्केटपार्क झाला, आणि "शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही" व "आधी मुली" असे दोन नियम लावले गेले. त्याच गावची आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. ज्या गावात मुलींनी मैदानावर येणे हीच चर्चेची गोष्ट, तिथे त्या सर्वांदेखत पडल्या आणि उठल्या. आपल्याकडे बघणारे दोन मिनिटे बघतात आणि आपल्या वाटेने जातात. शिवाय पार्कवरची मुले पडणाऱ्याला हसत नाहीत, हे मी खात्रीने सांगतो. त्यातला प्रत्येक जण कालच पडलेला असतो. उलट कोणाला नवी ट्रिक जमली की सगळे आपले बोर्ड जमिनीवर आपटून दाद देतात. तो खडखडाट एकदा स्वतःसाठी ऐकलास की पस्तिशीचा प्रश्न तू मला पुन्हा विचारणार नाहीस.

या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या युतो होरिगोमेने शेवटच्या खेपेत सुवर्णपदक नेले, ते मी तीनदा पाहिले. आधीचे प्रयत्न फसत गेले होते, पदकांच्या यादीत तो नव्हता, आणि उरली होती एकच संधी. त्या खेपेला ९७.०८ गुण मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकाहून तो अवघ्या एक दशांश गुणाने पुढे गेला. मी त्याचे खांदे पाहत होतो. उडी घेताना ते किंचितही मागे गेले नाहीत.

तर आता असे कर. डॉक्टर स्वतःहून म्हणेपर्यंत बोर्डाला हात लावू नकोस. मनगटात पूर्ण ताकद आली आहे का हे त्यांना स्पष्ट विचार. तोवर चवड्यांवर उभे राहून तोल साधणे, गुडघ्यात वाकून उडी मारणे आणि गादीवर लोळण्याचा सराव चालू ठेव. अर्थात लोळण्यालाही डॉक्टरांची परवानगी हवीच. त्यांनी होकार दिला की मला तारीख कळव. मी उद्यान एक्सप्रेसने येईन आणि दोन दिवस राहीन. तुझ्या जवळच्या पार्कात दीड-दोन फुटांचा उतार कुठे आहे ते आधी पाहून ठेव. मोठ्या रॅम्पकडे त्या दोन दिवसांत आपण फिरकायचेही नाही. मी समोर उभा राहीन आणि तुझे दोन्ही हात धरीन. तू म्हणशील तेव्हाच सोडीन.

बोर्ड दाराआडून काढून कोरड्या जागी आडवा ठेव. बेअरिंगना गंज चढला असेल तर नवे मी इकडून घेऊन येतो. वहिनींना नमस्कार, आणि चिमणीला सांग की काका तिच्या मापाचे हेल्मेटही आणणार आहे.

तुझा,
अविनाश