बाबांचं मेमरी कार्ड आणि स्वित्झर्लंडचं नेट

स्टुटगार्ट, रविवार संध्याकाळ

प्रिय आई आणि बाबा,

तुम्ही इकडे जर्मनीला याल तेव्हा मोबाइलच्या नेटचं काय करायचं यावर काल पाऊण तास फोनवर बोलून शेवटी बाबा म्हणाले "मी आपलं रोमिंगचं पॅक टाकतो, विषय संपला", तेव्हाच ठरवलं की आता हे लिहूनच पाठवायचं, कारण फोनवर माझं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत बाबांचे दोन प्रश्न येतात आणि तेवढ्यात आईचा कुकर शिट्टी देतो. दादाला याची प्रिंट काढून द्यायला सांगा आणि पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवा. मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल चालेनासा झाला तर काय करायचं हेच यात लिहिलंय.

आधी पॅकचं. शेजारच्या काकू दुबईला गेल्या, पाच दिवसांचं पॅक टाकलं, मस्त चाललं, हे मला आईने तीनदा सांगितलं. बरोबरच आहे, पाच दिवसांसाठी मीही तेच केलं असतं, सिम बदलायची कटकट नाही काही नाही. पण तुम्ही ४५ दिवस येताय. महिन्याचं पॅक घेतलं तरी वर पंधरा दिवस उरतात, आणि फोन दोन, म्हणजे दोघांचे दोन दोन पॅक. तेवढ्या पैशात इथे दोघांचं दीड महिन्याचं नेट होऊन वर बाबांना रोज आईस्क्रीम खाता येईल (शुगर बघून).

तरी भारतातलं सिम काढून घरी ठेवायचं नाही हं. बाबा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. एक आजच बघून ठेवा, तुमचं २८ दिवसांचं रिचार्ज इथे असतानाच संपेल आणि मग ओटीपी आला नाही म्हणून तुम्ही बँकेला शिव्या घालत बसाल, त्यामुळे निघायच्या आधी ८४ दिवसांचं मारून घ्या. आणि कस्टमर केअरला फोन करून इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे ना विचारा. म्हणजे पॅक नाही, फक्त सर्व्हिस चालू, नाहीतर इथे उतरल्यावर ते सिम नेटवर्कच पकडणार नाही आणि मेसेज यायचा प्रश्नच नाही. मेसेज येण्याचे पैसे पडत नाहीत, तेही त्यांच्याकडून एकदा खात्री करून घ्या. फोन उचलायचे मात्र पडतात! हे लोकांना माहीतच नसतं, रोमिंगमध्ये आलेला कॉल उचलला तरी आपलेच पैसे जातात. मोटर बंद पडली म्हणून शेतावरून फोन आला तर बाबा, उचलू नका, कट करा आणि व्हॉट्सअॅपवरून लावा. व्हॉट्सअॅपचा नंबर जुनाच राहतो, नवीन सिम घातलं म्हणून बदलत नाही, "नंबर बदलायचा का" असं काही विचारलं तर नाही म्हणायचं.

आता इथलं सिम. इथे प्रीपेड सिम सुपरमार्केटमध्ये मिळतं, पिठाच्या आणि दुधाच्या बिलात टाकून आणता येतं, आणि साधारण १० युरोच्या आसपास चार आठवडे चालतं. हो, इथेही महिना २८ दिवसांचाच. घेणं सोपंय, चालू करणं नाही, कारण २०१७ पासून इथे पासपोर्ट तपासल्याशिवाय प्रीपेड सिम चालू करत नाहीत. माझ्या पहिल्या सिमच्या वेळी व्हिडिओ कॉलवर एक माणूस होता, तो सारखा म्हणतोय पासपोर्ट तिरका करा, अजून तिरका, आता बोट वरून फिरवा, त्याला त्यावरची चमकणारी नक्षी दिसायला पाहिजे होती आणि माझ्या खोलीतला दिवा नेमका त्याच्यावरच पडून सगळं पांढरंधोप. तिसऱ्या खेपेला मी टेबललॅम्प उचलून बाथरूममध्ये गेले तेव्हा कुठे झालं. बाबांना ते करायला लावलं तर बाबा त्या माणसालाच पासपोर्ट दाखव म्हणतील, त्यामुळे आपण सरळ दुकानात जाऊ, काउंटरवर पासपोर्ट दाखवू, पत्ता माझा देऊ. फक्त तुम्ही शनिवारी रात्री पोचताय आणि रविवारी इथे दुकानं बंद असतात, म्हणजे सिम सोमवारी. रविवारचा दिवस घरच्या वायफायवर काढा, कुठे जायचंय एवढं.

याच सिमवर आपण फ्रान्समध्ये गेलो, ऑस्ट्रियात गेलो तरी वेगळे पैसे नाहीत, युरोपियन युनियनने जून २०१७ पासून आपापसातलं रोमिंग काढून टाकलंय. इथपर्यंत सगळं छान. पण आईला जायचंय स्वित्झर्लंडला, आणि ते युनियनमध्ये नाही. नकाशात बघाल तर चहूबाजूंनी हेच देश आणि मधे तो एकटा वेगळा नियमवाला. काही कंपन्या त्यालाही आत धरतात, माझी धरत नाही, आणि हे मला कसं कळलं ते मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मागच्या उन्हाळ्यात मी कॉन्स्टान्सला गेले होते बघा, तो मोठा तलाव, फोटो पाठवलेले. ते गाव जर्मनीत, पण त्याला लागूनच पलीकडचं गाव स्वित्झर्लंडचं. तलावाकाठी पूर्वी दोन्हींच्या मधे कुंपण होतं, ते २००६ साली काढलं आणि आता तिथे सीमेवर स्टीलची उंच शिल्पं उभी आहेत, लोक इकडून तिकडे फिरत असतात, कुत्री पळतात, कोणी विचारत नाही. मी शिल्पांच्या जर्मनीकडच्या बाजूला बाकावर बसून खारी प्रेत्झेल (इथला गाठ मारल्यासारखा पाव) खात होते. माझे पाय जर्मनीत, पण फोनने पलीकडचा टॉवर पकडला. "स्वित्झर्लंडमध्ये स्वागत आहे" असा मेसेज आला, मला वाटलं जाहिरात. फोटो आणि व्हिडिओचा बॅकअप मागे आपोआप चालूच होता. थोड्या वेळाने दुसरा मेसेज, तुमची मर्यादा संपली, नेट बंद. बिलात ५९ युरो ५० सेंट जास्त! इथे नियम आहे की रोमिंगचं नेट ५० युरोला थांबवायचं, त्यावर १९ टक्के टॅक्स धरून बरोबर तेवढे झाले. तो नियम नसता तर काय झालं असतं कोण जाणे. सहा हजाराच्या आसपासची प्रेत्झेल खाल्ली मी, बाबा, आता ओरडू नका.

प्रीपेडवर असं बिल येत नाही, फक्त आत असलेला बॅलन्स फस्त होतो, तरी पण ट्रेन त्या बाजूला लागली की बाबांच्या फोनचं डेटा रोमिंग बंद. मी आठवण करीनच.

मग स्वित्झर्लंडच्या त्या चार दिवसांचं काय, तर ई-सिम. सिमचं कार्ड नसतंच, फोनमध्येच असतं, एक क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. आई, दादाने तुला दिलेला आयफोन ११ आहे ना, त्यात ते चालतं. खात्री करायची तर फोन लावतो तिथे स्टार हॅश शून्य सहा हॅश दाब, जी मोठी यादी येईल त्यात ईआयडी असं दिसलं की चालतं. बाबांच्या फोनवर करून बघितलंय दादाने, त्यात नाही. ई-सिम मी इथून विकत घेऊन कोड दादाला पाठवते, त्याने तो कागदावर छापायचा, कारण ज्या फोनच्या स्क्रीनवर कोड आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? घरी वायफायवर असतानाच टाकून घ्या, नेट नसताना ई-सिम टाकता येत नाही, हा त्यातला विनोद. एकदा टाकल्यावर नको म्हणून डिलीट करू नकोस हं आई, तोच कोड परत बहुतेक वेळा चालत नाही.

आणि इथेच सगळे गोंधळतात. तुझ्या फोनमध्ये दोन लाइन दिसतील, दादा त्यांना "घर" आणि "स्विस" अशी नावं देईल. घरच्या लाइनचं डेटा रोमिंग बंद. स्विसच्या लाइनचं डेटा रोमिंग चालू, कारण ते ई-सिमच मुळी रोमिंगवर चालतं. एकीकडे बंद, एकीकडे चालू, उलट झालं की माझ्यासारखी प्रेत्झेल. खाली अजून एक बटण असतं, एका लाइनला नेट नसेल तर दुसरीचं वापर असं सांगणारं, ते मुद्दाम बंद करायला सांग दादाला. त्या ई-सिमला फोन नंबर नसतो, फक्त नेट, आपल्याला तेवढंच हवंय.

ट्रॅव्हलवाल्याने भाड्याने वायफायची डबी देतो म्हटलं म्हणे, नको. ती रोज चार्ज करायची, परत करायची, आणि मुख्य म्हणजे डबी एक आणि माणसं दोन. बाबा प्लॅटफॉर्म बघून येतो म्हणून पुढे जातात आणि आई बॅगांजवळ बसते, डबी कोणाकडे? तुझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर बाबांना देऊ, सुटे झालात तर निदान तुला मला मेसेज करता येईल आणि मी शोधायला जाईन.

विमानात बसल्यावर दोन्ही फोन फ्लाइट मोडवर, झोपायच्या आधी पुन्हा बघा. काही विमानांत आकाशातही मोबाइलचं नेटवर्क असतं आणि ते सगळ्यात महाग. फ्रँकफर्टला उतरल्यावर विमानतळाचं वायफाय फुकट आहे, नाही लागलं तरी घाबरू नका, बॅगा घेऊन बाहेर या, मी दारासमोर उभी असेन.

राहिला बाबांचा फोन. त्यात दोन सिमची जागा आहे असं बाबा म्हणतात, पण मला शंका आहे की दुसऱ्या जागेत ते भजनाचं मेमरी कार्ड बसलंय. असं असेल तर सिम किंवा कार्ड, दोन्ही नाही बसणार. भजनं दादा लॅपटॉपवर उतरवून फोनमध्ये टाकेल, आणि कार्ड आईच्या कुंकवाच्या छोट्या डबीत ठेवा, रिकाम्या, नाहीतर लाल होऊन येईल. ट्रे उघडायला ती बारीक पिन नसेल तर आईच्या कानातल्याची दांडी चालते. उद्या सकाळी उजेडात उघडा आणि मला ट्रेचा फोटो पाठवा बाबा, कार्ड कुठल्या खाचेत आहे ते बघून सांगते.

तुमची,
चिमी