स्पिटलफील्ड्स पाहताना

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

लंडनमध्ये व्हाइटचॅपलला तुला खोली मिळाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. तिथून स्पिटलफील्ड्स पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ज्या घराचे पूर्वज तेलंगणातून हातमाग घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात आले, त्या पद्मशाली विणकर घरातल्या मुलीने तो भाग केवळ खाण्याच्या गल्ल्यांपुरता ओळखू नये, असे मला वाटते.

ब्रिक लेन आणि फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची इमारत तुला कोणीही दाखवील. फ्रान्समधून आलेल्या ह्युगनॉट प्रॉटेस्टंटांनी ती १७४३ साली प्रार्थनेसाठी बांधली, पुढे ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेली, १८९८ मध्ये तिथे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ झाले आणि १९७६ पासून ती मशीद आहे. ही हकीकत सुंदर आहे. पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण उपासना बदलत गेली तरी ह्युगनॉट, ज्यू आणि बंगाली मुसलमान या तिन्ही समाजांतील असंख्य कुटुंबांचे पोट कापडावरच चालले, आणि माझ्या दृष्टीने त्या वस्तीचा खरा इतिहास तोच आहे.

चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर हजारो कुटुंबे इंग्लंडला आली आणि त्यांतील रेशीम विणणारे लंडनच्या वेशीबाहेर स्पिटलफील्ड्सला स्थिरावले. फोर्निए आणि विल्क्स स्ट्रीटवरची घरे बहुतांशी १७२० च्या दशकातली आहेत. तिथे गेलीस की आधी वर, माळ्याकडे बघ. त्या लांबरुंद खिडक्या मागावर भरपूर उजेड पडावा म्हणून ठेवल्या जात. खालच्या सजवलेल्या दालनांत मात्र रेशमाचे व्यापारी आणि धनी विणकर राहत. मजुरीवर विणणारा माणूस पूर्वेकडे, बेथनल ग्रीनच्या बाजूला, जिथे माग तिथेच चूल आणि तिथेच अंथरूण अशा खोल्यांत राही, आणि त्याची बायकामुले मागासाठी धाग्याच्या कांड्या भरून देत. आपल्या आजीने जन्मभर काय केले हे तुला ठाऊक आहे, म्हणून ती खोली तुला कोणी समजावून सांगायला नको.

प्रिन्सलेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अ‍ॅना मारिया गार्थवेट राहत असे. ती निर्वासित नव्हती, इंग्रज पाद्र्याची मुलगी होती. पण तिने अनेक वर्षे इथल्या विणकरांसाठी फुलापानांची नक्षी रेखाटली; १७६३ मध्ये ती वारली. तिची शेकडो जलरंगी रेखाटने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ती अवश्य पाहा.

एक कटू गोष्टही तुला माहीत असली पाहिजे. १७१९ साली याच भागातल्या विणकरांनी छापील सुती कापड नेसलेल्या बायकांना रस्त्यात गाठून त्यांचे कपडे फाडले, त्यांवर शाई फेकली. ते सुती कापड प्रामुख्याने आपल्या देशातून कोरे जाई आणि त्यावरची छपाई बहुतांशी तिकडेच होई. १७२१ मध्ये तिथल्या संसदेने अशा छापील कापडाच्या वापरावर बंदी घालणारा कायदा केला. त्या विणकरांचा राग मला कळतो, कारण मागावर माल नसला की घरात काय होते हे मी पाहिले आहे. तरी त्यांच्या संतापाची किंमत समुद्रापलीकडच्या दुसऱ्या विणकरांनीही मोजली, हे विसरता येत नाही.

१८८१ नंतर रशियातील अत्याचारांतून सुटून आलेले ज्यू याच गल्ल्यांत शिवणकामाला बसले. ब्रून स्ट्रीटवर गरीब ज्यूंसाठी १९०२ साली बांधलेल्या सूपघराचा दर्शनी भाग अजून उभा आहे, आणि त्यावर इसवी सनाबरोबर त्यांचे ५६६२ हे सालही कोरलेले आहे. काम मिळेनासे झाले की माणसे इथे रांग लावत. ब्रिक लेनवर बेगल, म्हणजे ज्यूंचा कड्यासारखा पाव, खाशील तेव्हा हे सूपघरही पाहून ये.

नंतर आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे लोक आले. त्यांच्यातले आधीचे जहाजांवर खलाशी म्हणून राबलेले. पुढे पुष्कळ जण शिवणकारखान्यांत आणि चामड्याच्या कपड्यांच्या धंद्यात शिरले. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण कामगाराचा, कामावरून घरी परतताना, वंशद्वेषातून खून झाला. तुझ्या जवळच्या बागेला त्याचे नाव आहे. त्या लोकांचे जेवण ओळखायचे असेल तर इंग्रज गिऱ्हाइकासाठी बेतलेल्या रश्श्यांवर जाऊ नकोस. किराणा दुकानात शुटकी म्हणजे सुकी मासळी, आणि शातकोरा नावाचे जाड सालीचे आंबट-कडू लिंबू माग. घरी मटणात सालीसकट घालतात ते हेच.

दुकानात कोणी वयस्कर काका भेटले, तर फोटो काढण्याआधी त्यांच्याशी बोल. ते शिवणकारखान्यात होते का, मजुरी नगावर मिळे की आठवड्याची, आणि घरी मशीनवर अस्तरे शिवणाऱ्या बायकांच्या हाती त्यातले किती पडे, एवढे त्यांना विचार आणि मला सविस्तर कळव.

तुझे बाबा