छत ठोकून पाहत जा

बल्लारपूर,
दि. ५ मे

चि. वैशाली हिस अनेक शुभाशीर्वाद.

काल वसाहतीच्या मैदानावर कोळसा खाण कामगार दिन पार पडला. तू आली नाहीस याचा राग मी धरलेला नाही. राग आहे तो त्या संमतीपत्राचा, आणि त्याविषयी या पत्रात लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो आहे.

या वेळी मुलांनी जुने कॅप लॅम्प आणि हजेरीचे पितळी बिल्ले मांडले होते. १९०६ मध्ये बंद पडलेल्या वरोऱ्याच्या खाणीपासून १ मे १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंतचा इतिहास एका लांब फलकावर लिहिला होता. फलक चांगला होता, पण त्यात बाई एकही नव्हती. म्हणून मला बोलायला उभे केले तेव्हा मी तुझ्या आजीविषयीच बोललो. बायकांना खाली उतरायला असलेली बंदी महायुद्धात कोळसा कमी पडू लागल्यावर १९४३ मध्ये उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा घातली. त्या मधल्या काळात ती टोपली घेऊन खाली जात असे, आणि रोजी बुडाली म्हणून बंदीच्या दिवशी रडली होती. २०१९ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि आता तिची नात इंजिनिअर म्हणून उतरते, हे सांगताना माझा आवाज इतका चढला की दुबेजी हसू लागले. परवानगीसाठी बाईची लेखी संमती लागते, हे मात्र मी तिथे सांगितले नाही. तू सही आधी केलीस आणि घरी नंतर कळवलेस.

पुढे दोन मिनिटे सगळे स्तब्ध उभे राहिले. मला नारायणकाका आठवले. त्या दिवशी डबा खाऊन आम्ही परत कामावर गेलो, तेवढ्या अर्ध्या तासात छत बदलले असेल असे कोणालाच वाटले नाही. म्हणून सांगतो, बोल्ट मारलेले असले तरी सब्बलीने ठोकून पाहा, आणि ठोकताना दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावून ठेव. टणक आवाज आला तर ठीक. भद्द वाजले किंवा तळव्याखाली थरथर जाणवली, तर क्षणभरही थांबू नकोस, मग वरिष्ठ काहीही म्हणोत. सुट्टीनंतर ठोक, जेवणानंतर ठोक. हे सारे तू परीक्षा देऊन शिकली आहेस, आणि मी निवृत्त माणूस तुला धडे देत बसलो आहे, याबद्दल माफ कर.

तुझ्या भागात चासनालाची कोळसा खाण आहे. १९७५ मध्ये २७ डिसेंबरला तिथे पाणी घुसून सुमारे पावणेचारशे माणसे गेली. त्या तारखेला स्मारकापाशी लोक जमतात, तेव्हा माझ्या वतीने फुले वाहून ये. तिथे घात पाण्याने केला, आणि मी आपला छताचेच सांगतो आहे.

आईने लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे. ती म्हणते, रोज फोनची वाट पाहून मुलीला त्रास देऊ नका. तुझी शिफ्ट तीनला सुटते. चारपर्यंत मी काही म्हणणार नाही.

तुझे
बाबा