देवबागच्या काका-काकूंना, तीन दिवस काहीच करू न दिल्याबद्दल

काका, काकू, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की काकू तुम्ही "पुरे गो" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सरळ लिहूनच काढते.

आम्ही डोंबिवलीहून निघालो तेव्हा नवऱ्याने अख्खी एक्सेल शीट बनवली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा मुलाला आजीकडे ठेवून दोघंच बाहेर पडलेलो, मग काय, सगळंच बघायचं! सिंधुदुर्ग किल्ला, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन, भोगवे, पुढे वेंगुर्ला, रेडीचा गणपती, सावंतवाडीचा राजवाडा. पहिले तीन दिवस आम्ही नुसते पळत होतो, किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्ही विहिरींचे फोटो काढले पण महाराजांच्या हातापायाच्या ठशांपाशी दोन मिनिटं शांत उभं राहिलो का, तर नाही, कारण परतीची होडी.

आणि मग चौथ्या दिवशी संध्याकाळी मालवणच्या रॉक गार्डनला, ओहोटी होती, साहेब सेल्फीसाठी खाली खडकावर उतरले आणि पाय घसरून सरळ खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांवर. ब्लेडसारखा तळवा कापला. माझे हात नुसते थरथरत होते, कोणाला फोन करावा सुचेना तर तुम्हाला केला, आणि काका तुम्ही जेवण अर्धवट टाकून ओम्नी घेऊन आलात. डॉक्टर, चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं तुम्हीच बघितलंत, मी फक्त पर्स धरून उभी.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडची भाड्याची खोली सोडायची होती, तिथे कोल्हापूरचा ग्रुप येणार होता. वेंगुर्ल्याच्या हॉटेलने पैसे परत मिळणार नाहीत असं कळवलेलं (असो). आम्ही गाडी बघायला लागलो तर काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "झिलाची खोली रिकामीच आसा, आता गपचूप हंयसरच बसा, खंय जावचा नाय." मुंबईला असलेल्या मुलाच्या खोलीत, त्याच्या दहावीच्या पुस्तकांच्या कपाटाखाली, आम्ही राहिलो. भाडं विचारलं तर काका ऐकू न आल्यासारखं करून माडांना पाणी सोडायला गेले.

खरी सुट्टी तिथून सुरू झाली बघा. सकाळी सातला काकांनी मला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, नेलं, नवरा मागून काठी टेकत टेकत आला आणि पालथ्या होडीवर बसला. मला वाटलं होतं दोर हाताने ओढायचा, पाच मिनिटांत तळहात लाल. मग एक आजोबा म्हणाले, "हातान नाय गो बाय, कंबरेन ओढ," आणि दोर कमरेला टेकवून मागे मागे चालायला शिकवलं. तास-दीड तासाने जाळं वर आलं, पेडवे, तारली, थोडे बांगडे आणि दोनच मुडदुशे. वाट्याला आलेले पेडवे मी पिशवीत असे धरून आणले जसं काही बक्षीस मिळालंय. दुपारी तिरफळं घालून काकूंनी त्यांचं तिखलं केलं, त्यावर सोलकढी, आणि मग झोप. भर दुपारी, दोघंही, अलार्म न लावता!

आणि काका, ते भरतीचं गणित. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते हे तुम्ही कालनिर्णयवर बोट ठेवून सांगितलंत तेव्हा नवऱ्याचा विश्वासच बसला नाही. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तो घड्याळ लावून बसला, पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने पाणी खरंच वर चढलं. एक्सेलवाला माणूस, अजून ऑफिसात लोकांना सांगत असतो.

त्याच दिवशी संकष्टी, म्हणून मासे बंद. काकूंचा उपास, आम्हाला मात्र काळ्या वाटाण्याची उसळ आणि ओल्या काजूची भाजी. सूर्य समुद्रात बुडाला तो पडवीतून बघितला, मग काकूंबरोबर चंद्राची वाट बघत मागच्या बाजूला कर्ली नदीकडे तोंड करून बसलो. देवबाग एवढं चिंचोळं की खुर्ची फक्त फिरवली. साडेनऊच्या पुढे नदीपलीकडच्या माडांमागून चंद्र आला, काकूंनी ताम्हनातून पाणी सोडलं आणि पहिला मोदक याच्या हातावर ठेवला, "तू पायाचो दुखणेकरी, तू आधी."

आम्ही दोघं त्या रात्री किती बोललो माहितीये? घराचा हप्ता, मुलाची शाळा, यातलं काहीच नाही. कॉलेजातले मित्र, त्याचे वारलेले बाबा, असंच काहीबाही.

पंचमीला संध्याकाळी कुडाळ स्टेशनला काका तुम्ही याला हाताला धरून डब्यात चढवलंत आणि खिडकीतून खाजाची पुडी आत टाकलीत. टाके निघालेत, पाय बरा आहे, बारीक वण राहिलाय. पुढच्या मार्चमध्ये येतोय, मुलालाही आणतोय, तेव्हा भाडं घ्यायचं म्हणजे घ्यायचं.

आज एकादशी. अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. मी इथे कुकर लावलाय आणि तुमच्याकडे आता पाणी त्या होडीपर्यंत आलं असेल.