आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: त्वचेचा लिम्फोमा चट्ट्यातच ओळखता यावा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. परवा एका बाईंच्या मांडीवरच्या चट्ट्याची बायोप्सी तपासली. सहा वर्षं इसब समजून मलमं चालू होती. आधीच्या दोन बायोप्सींवर शेरा एकच: ‘नॉन-स्पेसिफिक डर्मटायटिस’, म्हणजे नेमका प्रकार न ठरलेला त्वचेचा दाह. या वेळी एपिडर्मिसच्या (त्वचेच्या वरच्या थराच्या) तळाशी लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशी मण्यांसारख्या ओळीने बसलेल्या दिसल्या, प्रत्येकीभोवती मोकळं पांढरं कडं. मार्कर, म्हणजे पेशींवरची ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासण्या, लावले. सीडी३ आणि सीडी४ ठळक, सीडी८ तुरळक, सीडी७ जवळजवळ नाहीच. मायकोसिस फंगॉइड्स, म्हणजे त्वचेतल्या टी-पेशींचा (लिम्फोसाइट्सच्या एका प्रकाराचा) लिम्फोमा, एक कर्करोग.

नावावरून बुरशी वाटते, पण बुरशीचा संबंध नाही. फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी १८०६ साली वर्णन केलेला हा आजार सुरुवातीला आजही इसब किंवा सोरायसिस म्हणून खपून जातो. सावळ्या त्वचेवर तर कधी नुसते फिकट डाग येतात आणि कोड समजून उपचार होतात.

एकट्या मार्करवर निदान करा, असं मी म्हणणार नाही. साध्या दाहातही सीडी७ कमी होतो. म्हणूनच २००५ साली तज्ज्ञांनी सुचवलेल्या गुणपद्धतीत चट्ट्यांचं रूप, सूक्ष्मदर्शकाच्या काचेवरचं चित्र, टी-पेशी एकाच वंशाच्या आहेत का याची जनुकीय तपासणी आणि मार्कर, हे सगळं एकत्र धरतात. निदानाला चार गुण लागतात. सुरुवातीच्या चट्ट्यात पहिल्या दोन गोष्टी अर्धवटच दिसतात आणि नेमक्या उरलेल्या दोन तपासण्या बहुतेक सरकारी प्रयोगशाळांत होत नाहीत. मग संशय असूनही आम्ही ‘डर्मटायटिस’ लिहून मोकळे होतो. त्या दोन रिपोर्टांतला एक माझा होता. तेव्हा आमच्याकडे सीडी७ नव्हता.

चट्टे दहा टक्क्यांहून कमी त्वचेवर असतानाच निदान झालं, तर मलमं आणि प्रकाशोपचारांवर बहुतेक रुग्ण जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगतात. उलट इसब समजून सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर आजार भडकू शकतो.

प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सीडी२, ३, ४, ५, ७ आणि ८ हा संच द्या. जनुकीय तपासणीसाठी ब्लॉक (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) पाठवता येईल असं एक केंद्र ठरवून द्या. आणि बायोप्सीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: स्टेरॉइडचं मलम कधी थांबवलं? मलम चालू असताना घेतलेला तुकडा फसवतो. या रकान्याला तर पैसेही लागत नाहीत; तो याच महिन्यात सुरू करता येईल.

आपली नम्र,
सरकारी रुग्णालयातील एक पॅथॉलॉजिस्ट