सुट्टीत मुलांसोबत ‘गंडम’ पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की मुलांना काय दाखवायचं, हा विषय घरोघरी निघतो. मी एक नाव अगदी आग्रहाने सुचवते : ‘मोबाइल सूट गंडम’. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही ४३ भागांची जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका १९७९ सालची आहे. दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या मुलाबरोबर मी ती पूर्ण पाहिली. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. चार दिवसांत त्याची सवय होते.

अंतराळातल्या वसाहतींचा एक गट, झिऑन, पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध युद्ध पुकारतो आणि पहिल्या महिनाभरातच दोन्हीकडची मिळून निम्मी माणसं मरतात. मालिका सुरू होते ती त्यानंतर. आमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा. राहत्या वसाहतीवर हल्ला होतो तेव्हा तो गंडम नावाच्या अठरा मीटर उंच लढाऊ यंत्रात चढतो आणि हातातली माहितीपुस्तिका वाचत वाचत ते चालवू लागतो. तिथून त्याची सुटका नाही. तो ज्या लढाऊ अंतराळजहाजावर जातो, त्यावर निर्वासित, लहान पोरं आणि शिकाऊ सैनिक. कप्तान ब्राइट तर जेमतेम एकोणीस वर्षांचा.

तेराव्या भागाबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. आमुरो कित्येक वर्षांनी पृथ्वीवर आईला भेटायला जातो. घरात दारू प्यायलेले संघराज्याचे, म्हणजे आमुरोच्याच बाजूचे सैनिक ठाण मांडून बसलेले. आई भेटते निर्वासितांच्या छावणीत. तेवढ्यात झिऑनचे सैनिक तपासणीला येतात, आमुरो खाटेवर पांघरूण ओढून पडून राहतो आणि पांघरुणाआडूनच एकावर गोळी झाडतो. त्या माणसालाही कुणीतरी असेल, असं म्हणत आई हादरून मुलाकडे बघत राहते. निघताना तो आईला मिठी मारत नाही, जवळही जात नाही, ताठ उभा राहून सैनिकी सलाम करतो. एरवी सारखी बडबड करणारा माझा मुलगा तो भाग संपल्यावर कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, तो सलाम का करतो गं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

शत्रूही इथे राक्षस नाहीत. रांबा राल हा झिऑनचा अधिकारी वाळवंटातल्या एका खाणावळीत आमुरोला ओळख नसताना जेवायला घालू पाहतो. पोरगं शत्रूपक्षातलं आहे हे कळल्यावरही त्याला जाऊ देतो. पुढे दोघं समोरासमोर येतातच. आणि एका भागात जहाजावरचं मीठ संपतं! स्वयंपाकी अडून बसतो, आणि एवढं मोठं लढाऊ जहाज मिठासाठी चीनमधल्या लोप नोरच्या खाऱ्या सरोवराकडे वळतं. रोज स्वयंपाक करणाऱ्या मला हे युद्ध तिथे खरं वाटलं.

चित्रं जुनी आहेत, काही ठिकाणी हात घाईत चाललेला दिसतो. तेव्हाही मालिकेला प्रेक्षक कमी मिळाले, खेळणी खपेनात, म्हणून ५२ भागांचा बेत ४३ वर आटोपता घेतला गेला. पुनःप्रक्षेपण झालं, १९८० मध्ये जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती बाजारात आल्या, आणि मग जपानी मुलांनी तिला डोक्यावर घेतलं. १९८१-८२ मध्ये तिचेच तीन चित्रपटही झाले. वेळ नसेल त्यांनी ते पाहावेत, पण माझं मत मालिकेलाच.

सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांना ती जरूर दाखवावी. मृत्यू बरेच आहेत, म्हणून त्याहून लहानांना नको. आणि तेराव्या भागाला पालकांनी स्वयंपाकघरातली कामं बाजूला ठेवून मुलांजवळ बसावं, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा